मंडालेची चूल

पुण्याच्या नारायण पेठेंतील गायकवाडवाडा आतां केसरीवाडा या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. गणेशोत्सवांत मानाच्या पांचव्या गणपतीच्या दर्शनास जाणारा पुणेकर त्याच्या दरवाजांतून आंत शिरतो, हात जोडतो आणि गर्दीबरोबर बाहेर पडतो. १९०५ सालीं टिळकांनीं हा वाडा बडोद्याच्या गायकवाडांकडून विकत घेतला. १९०८ च्या जून महिन्यांत ते मुंबईस सरदारगृहांत पकडले गेले. आणि वाड्याच्या उंबरठ्यावर त्यांचें पाऊल पुन्हां पडलें तें १९१४ च्या जून महिन्यांत, एका मध्यरात्रीं, पोलिसांच्या सोबतीनें.

मधलीं सहा वर्षें मंडालेचीं. त्यांविषयीं मराठींत विपुल लिहिलें गेलें आहे. १९१०-११ च्या एका हिंवाळ्यांत शिसपेनीनें लिहून काढलेलें ‘गीतारहस्य’, जर्मन, फ्रेंच व पाली या भाषांचा अभ्यास, ग्रंथांनीं भरलेलीं कपाटें, हें सारें शाळकरी मुलासही माहीत असतें. परंतु हा ग्रंथकर्ता तेथें काय जेवत होता, त्याचें अन्न कोण शिजवीत होता, आणि तुरुंगाच्या भिंतीपलीकडे त्या शहरांतील नाना जातींचे लोक काय रांधीत होते, हे प्रश्न आपण विचारीत नाहीं. ते क्षुद्र मानले जातात. मला ते तसे वाटत नाहींत. ज्या समाजांत पंगत कोणाची व पाणी कोणाचें यावर मनुष्याचें स्थान ठरत असे, त्या समाजाचा इतिहास स्वयंपाकघर वगळून लिहितां येईल असें म्हणणें धाडसाचें आहे.

याची साक्ष पुण्यानेंच दिलेली आहे. १८९० च्या ऑक्टोबरांत वेताळ पेठेंतील, म्हणजे आतांच्या गुरुवार पेठेंतील, पंचहौद मिशनमध्यें एक व्याख्यान झालें. व्याख्यानानंतर यजमान पाद्र्यांनीं पाहुण्यांपुढें चहा-बिस्किटें ठेविलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातीं धरून खालीं ठेविला. पुढें गोपाळराव जोशांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभवा’ंत छापून आणलीं, आणि त्या चहाचें ग्रामण्य होऊन बसलें. यादींत रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. त्यांनीं चौकशी नेमली. वर्ष-दोन वर्षें पुण्यांतल्या घराघरांतून प्रायश्चित्त कोणीं घ्यावें, श्राद्धास ब्राह्मण कोणाकडे येणार नाहींत, लेकी माहेरीं येणार कीं नाहीं, याचा घोळ चालला. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनींही अखेर घेतलें आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. एक पेला चहा! आणि तो कोठें दूरदेशीं नव्हे, गायकवाडवाड्यापासून सुमारें मैलभरावर.

आतां गंमत अशी कीं ब्रह्मदेशांत चहा पितात तसा खातातही. चहाचीं कोंवळीं पानें वाफवून, दाबून, महिनोन् महिने मुरवून ठेवितात. मग तेल, तळलेला लसूण, तीळ, भुईमुगाचे दाणे व सुके झिंगे यांच्याबरोबर तीं खावयाचीं. या पदार्थास ‘लफे’ म्हणतात. राजांच्या अमदानींत तेथील दिवाणी दाव्यांचा निकाल लागला म्हणजे वादी व प्रतिवादी यांच्यापुढें लफे ठेवीत. दोघांनीं तें खाल्लें कीं निकाल मान्य झाला व भांडण मिटलें असें समजत. एका देशांत चहाच्या पानानें दावा संपे. दुसऱ्या देशांत चहाच्या पेल्यानें दावा उभा राहिला. हे दोन देश १८८६ पासून ५१ वर्षें एकाच राज्यकारभाराखालीं नांदत होते.

टिळकांनीं ब्रह्मदेश प्रथम पाहिला तो कैदी म्हणून नव्हे. १८९९ च्या डिसेंबरांत लखनौची काँग्रेस आटोपून ते तिकडे प्रवासास गेले होते. परत आल्यावर त्यांनीं त्या देशाविषयीं पुण्यांत जें सांगितलें त्यांत एक मुद्दा फार मार्मिक होता. तेथें जातिभेद नाहीं, बालविवाह नाहीं, विधवेस पुनर्विवाहाची आडकाठी नाहीं, स्त्रिया उघड्यावर दुकानें मांडून व्यापार करितात; आमचे सुधारक जें जें मागतात तें तें त्या लोकांपाशीं पूर्वींपासून आहे, तरीही तो देश इंग्रजांनीं गिळलाच; मग सामाजिक सुधारणा झाल्यावांचून स्वराज्य मिळावयाचें नाहीं हें कशावरून? वादविवादांत हा मुद्दा बिनतोड होता. तथापि त्याची दुसरी बाजू त्या वेळीं कोणीं उलटून विचारली असती तर बरें झालें असतें. ब्रह्मी लोकांनीं राज्य गमावलें हें खरें. पण त्यांच्या पंगतीस बसावयास परक्याला अडचण पडत नसे, आणि आमचीं माणसें त्या देशांत लाखांनीं जाऊन बसणार होतीं.

मंडाले हें शहर तसें जुनें नव्हे. १८५७ सालीं मिंडन राजानें त्याचा पाया घातला व अमरपुराहून राजधानी तेथें आणली. चौरस तटबंदी, तीस बारा दरवाजे, भोंवतीं पाण्यानें भरलेला रुंद खंदक आणि मध्यभागीं सागवानी राजवाडा. १८७१ सालीं याच राजानें बौद्धांची पांचवी धर्मसंगीति भरविली. अवघें त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून ठेविलें, तें आजही तेथें वाचतां येतें. १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं शहर घेतलें, मिंडनचा मुलगा थिबा यास पदच्युत केलें, आणि तटाच्या आंतील त्या राजनगरास ‘फोर्ट डफरिन’ असें नांव देऊन तेथें छावणी व तुरुंग वसविला. लाला लजपतराय १९०७ सालीं याच किल्ल्यांत होते. सुभाषचंद्र बोस १९२५ ते १९२७ या काळांत येथल्याच तुरुंगांत होते, आणि दुर्गापूजेच्या खर्चासाठीं त्यांना व त्यांच्या सोबत्यांना १९२६ सालीं उपोषण करावें लागलें.

किल्ल्याबाहेरचें शहर म्हणजे जणूं नकाशाची घडी उलगडून ठेविलेली. ब्रह्मी तर होतेच. पूर्वेच्या डोंगरांतून उतरलेले शान होते. युनानकडून खेंचरांचे तांडे घेऊन येणारे चिनी मुसलमान होते. आर्मेनियन व्यापारी होते. हिंदी बाप व ब्रह्मी आई यांच्या संततीचा झेरबादी नांवाचा मुसलमान समाज होता. शिवाय, ज्यांचें नांव ऐकून पुणेकरास नवल वाटेल असे ब्राह्मणही होते. ब्रह्मी राजांनीं मणिपूरवर स्वाऱ्या करून जे लोक धरून नेले त्यांत ब्राह्मण होते; त्यांस ‘पोन्ना’ म्हणत. राज्याभिषेकाचा मुहूर्त काढणें, पंचांग करणें, ग्रह वर्तविणें हीं त्यांचीं कामें. बौद्ध राजाच्या दरबारीं पिढ्यान् पिढ्या ते राहिले. १८८९ त रंगूनहून आगगाडी मंडालेस पोंचली आणि तिच्याबरोबर पंजाबी शिपाई, बंगाली कारकून, तेलुगू मजूर, तामीळ सावकार, सुरतेकडचे कापडवाले असे सर्व आले.

या शहरांत, पण त्याच्या भिंतीआड, १९०८ च्या सप्टेंबर अखेरीस टिळक आले. काळ्या पाण्याच्या सहा वर्षांच्या शिक्षेचें रूपांतर साध्या कैदेंत झालें होतें. त्यांच्या स्वयंपाकास सातारा जिल्ह्यांतील कुलकर्णी आडनांवाचा एक ब्राह्मण कैदी दिलेला होता. त्यानें पुढें सांगितलेल्या आठवणी प्रसिद्ध आहेत, आणि मंडालेंतील टिळकांच्या दिनक्रमाविषयीं आपणांस जें घरगुती ज्ञान आहे तें बहुतांशीं त्या आचाऱ्याचें आहे. चिमण्यांची गोष्ट त्याचीच. जेवणांतले दाणे व घांस टिळक चिमण्यांस घालीत. त्या इतक्या निर्भय झाल्या कीं वाचीत-लिहीत बसले असतां त्यांच्या अंगाखांद्यावर येऊन बसत, आणि तुरुंगाचा अधिकारी तें पाहून चकित होई.

सरकारनें राजद्रोह्यास ब्राह्मण आचारी द्यावा ही गोष्ट वाचकास विचित्र वाटेल. पण तींत औदार्यापेक्षां अनुभव अधिक होता. १८४० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत बंगाल व बिहारच्या तुरुंगांतून प्रत्येक कैद्यानें वेगळी चूल मांडण्याची जुनी चाल मोडून सर्वांचा स्वयंपाक एकत्र करण्याचा हुकूम निघाला, तेव्हां तुरुंगांतून दंगे उसळले आणि ते शहरांत पसरले. १८५५ त आरा व मुजफ्फरपूर येथें कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीचीं भांडीं देण्यावरून पुन्हां तसेंच झालें. तेव्हांपासून तुरुंगखात्यानें एक धडा घेतला: स्वयंपाकी उच्च जातीचा ठेवावा, म्हणजे कोणी ताट परत करीत नाहीं. टिळकांचा स्वतःचा अनुभवही होता. १८९७-९८ च्या कारावासांत कांदा-लसूण घातलेलें तुरुंगाचें कालवण त्यांस घेववेना. कोरड्या भाकरीवर दिवस काढल्यानें त्यांचें वजन झपाट्यानें उतरलें होतें.

मंडालेस अडचण जातीची राहिली नाहीं, मधुमेहाची आली. भात व गहूं त्यांना वर्ज्य झाले, आणि जवाच्या पिठावर त्यांचा निर्वाह चालला. इरावतीच्या खोऱ्यांत, जेथून जगभर तांदुळाचीं जहाजें भरून जात, तेथें कोंकणांत जन्मलेला हा मनुष्य भाताचें शीतही न घेतां राहत होता. १९१२ च्या जून महिन्यांत पुण्यास त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या, आणि त्यांस तें तारेनें कळलें. गायकवाडवाड्यांतली चूल जिच्या हातीं होती ती गेली. मंडालेची चूल कैदी आचाऱ्याच्या हातीं. त्या वर्षांविषयीं वाचतांना मला ‘गीतारहस्या’च्या पृष्ठसंख्येपेक्षां हें अधिक जाणवतें.

हें लिहितांना टिळकांस उणें लेखण्याचा हेतु नाहीं. कोंडलेल्या माणसानें बाहेरचा बाजार हिंडावा कसा? शिवाय आपलें अन्न आपल्या रीतीनें खाणें एवढीच एक गोष्ट ज्याच्या स्वाधीन उरली आहे, त्यानें ती घट्ट धरून ठेविली तर तीस सोंवळेपणा म्हणून हिणविणें अन्यायाचें होईल. परंतु त्याच सुमारास दुसरा एक मराठी मनुष्य त्याच मुलुखांत मोकळा हिंडत होता, आणि त्यानें निराळी वाट धरली होती.

धर्मानंद कोसंबी गोव्यांतील सांखवाळचे. जन्म १८७६ चा, जात गौड सारस्वत ब्राह्मण. १८९९ च्या अखेरीस बुद्धाचा धर्म शोधण्यासाठीं ते घर सोडून निघाले. पुण्यास आले, काशीस अन्नछत्रांत जेवून संस्कृत शिकले, नेपाळ, बुद्धगया व कलकत्ता पाहून सिंहलद्वीपास गेले आणि तेथें पाली शिकून भिक्षु झाले. तेथून ते ब्रह्मदेशांत आले. १९०४ च्या सुमारास ज्ञानतिलोक नांवाच्या एका जर्मन भिक्षूबरोबर ते सगाइंगच्या टेंकड्यांतील गुहेंत राहून ध्यान शिकले. सगाइंग मंडालेपासून इरावतीच्या पलीकडे, दहा-बारा मैलांवर. म्हणजे टिळकांच्या तुरुंगवासापूर्वीं चारच वर्षें हा गोमंतकीय ब्राह्मण त्यांच्या कोठडीच्या जवळजवळ नजरेच्या टप्प्यांत, हातांत भिक्षापात्र घेऊन फिरत होता.

भिक्षापात्राचे नियम कडक आहेत. दोन प्रहरांपूर्वीं एकदां जेवावें. मागूं नये, निवडूं नये. पात्रांत जें पडेल तें घ्यावें. प्राणी आपल्यासाठीं मारलेला पाहिला, ऐकला अथवा तशी शंका आली तर तें मांस वर्ज्य, एरव्हीं नाहीं. ब्रह्मी गृहिणी भल्या पहांटे भात शिजविते, पहिली वाढ भिक्षूची काढून ठेविते, आणि भिक्षूंची रांग दारावरून निघाली कीं मुकाट्यानें प्रत्येकाच्या पात्रांत एक एक पळी घालिते. देणारी भिक्षूस त्याची मूळची जात विचारीत नाहीं, घेणारा तिची विचारीत नाहीं. ज्या कुळांत परजातीच्या हातचें पाणी चालत नव्हतें, त्या कुळांतील मुलानें हें केलें. पुढें १९१२ ते १९१८ हे कोसंबी पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकवीत होते. बुद्धाच्या मांसाहाराविषयीं त्यांनीं ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथांत जें निःसंकोच प्रतिपादन केलें, आणि ज्याबद्दल पुढें बराच गदारोळ झाला, तें केवळ ग्रंथ पाहून केलेलें नव्हतें. त्याच्या मागें पात्रांत पडलेल्या अन्नाचा अनुभव होता, असें मला वाटतें.

तरी कोसंबीही अन्न घेऊन जाणारे नव्हते, घेणारे होते. हिंदी अन्न ब्रह्मदेशाच्या चुलीवर ज्यांनीं नेऊन चढविलें त्यांचीं नांवें कोठें नोंदलेलीं नाहींत. ते मद्रासकडचे चुलिया मुसलमान, तेलुगू हमाल, चितगांवचे खलाशी, उत्तरेचे दरवान. ज्यांना जात सांभाळण्यास वेगळें स्वयंपाकघर परवडत नव्हतें किंवा ज्यांची जात सांभाळावी असें कोणास वाटत नव्हतें असे. रस्त्याच्या कडेला तवा मांडावा, समोर येईल त्यास विकावें. त्यांचा पराठा तेथें ‘पलाता’ झाला. समोसा ‘समूसा’ झाला व चिंचेच्या आंबट पाण्यांत कोबीबरोबर बुडून बसला. आणि मोगलांचा ‘दमपुख्त’ भात ‘डान्बाउक’ या नांवानें लग्नाकार्यांत शिरला. मंडालेच्या राजवाड्यावर कोणाचें निशाण आहे याशीं या पदार्थांना कर्तव्य नव्हतें.

यांतही सर्वांत नवलाची हकीकत आपल्या हरभऱ्याची आहे. ब्रह्मी भाषेंत पश्चिमेकडून आलेल्या परक्यास, विशेषतः हिंदी माणसास, ‘कला’ म्हणतात. खुर्चीवर बसणें ही परक्यांची रीत, म्हणून खुर्चीचें नांव ‘कला-टाइं’, परक्याची बैठक. तसाच हरभरा म्हणजे ‘कला-पे’, परक्याचें कडधान्य. आणि हें परक्याचें कडधान्य त्या देशानें असें आपलेंसें केलें आहे कीं त्यावांचून त्यांची सकाळ उजाडत नाहीं. मंडाले-सगाइंगचा प्रदेश हा ब्रह्मदेशांतील कमी पावसाचा टापू, आपल्या देशासारखाच. तेथें हरभरा भरपूर पिकतो. केळीच्या गाभ्याचे तुकडे घालून माशाचें सार करावयाचें आणि तांदुळाच्या शेवयांवर ओतावयाचें, तो ‘मोहिंगा’ म्हणजे त्यांची न्याहरी. त्या साराला दाटपणा येतो तो पुष्कळदां भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठानें. शान लोकांची रीत तर मराठी वाचकास ओळखीची वाटेल. हरभऱ्याचें पीठ पाण्यांत कालवून, गाळून, हळद-मीठ घालून तें शिजवीत घोटावयाचें. गरम असतां तें शेवयांवर घालून खातात. निवून थिजलें कीं त्याच्या वड्या पाडून कच्च्या किंवा तळून खातात. पहिल्यास आपण पिठलें म्हणूं, दुसऱ्यास पाटवडी. दोहोंचा वंश एक आहे असें मी म्हणत नाहीं. इतक्या पुराव्यावर कुळी जुळविण्याचा धंदा मला पसंत नाहीं. पण साताऱ्याचा आचारी तुरुंगांत जव दळीत असतां, भिंतीपलीकडे कोणी शान बाई पिठल्याच्या वड्या विकीत बसली असेल, आणि दोघांस एकमेकांची वार्ता नसेल, एवढें म्हणण्यास हरकत नसावी.

एक अडसर मात्र पुष्कळ हिंदी लोकांस ओलांडतां आला नाहीं. तो ‘नापी’चा. मासे किंवा झिंगे मिठांत कुजवून केलेला हा खर्डा ब्रह्मी जेवणाचा आत्मा, आणि त्याचा दर्प गल्लीच्या टोंकापासून येतो. इंग्रज व हिंदी बाबू दोघेही त्यावर नाकें मुरडीत. आमच्या कोंकणांत सुकट, जवळा व सोडे यांवर पावसाळा काढणाऱ्या घरांस त्याचें काय वाटलें असतें हें विचारावयास कोणी गेला नाहीं.

अन्न मिसळलें, पण माणसें? १९३१ च्या खानेसुमारींत रंगूनची वस्ती चार लाख भरली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक हिंदी होते. ब्रह्मदेशाची राजधानी ब्रह्मी लोकांची उरली नव्हती. गोदींतली मजुरी तेलुगूंची, सावकारी चेट्टींची, कचेऱ्या बंगाल्यांच्या. मंदी आली तेव्हां भातशेतीच्या तारणावर कर्ज दिलेल्या चेट्टींकडे दक्षिण ब्रह्मदेशांतील जमिनीचा मोठा हिस्सा गेला. १९३० च्या मे महिन्यांत गोदीवर हिंदी व ब्रह्मी मजुरांत दंगल होऊन रक्तपात झाला. १९३८ त दुसरी झाली. मधेंच १९३७ च्या १ एप्रिलास ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा करण्यांत आला. ‘कला’ हा शब्द कडधान्यापुढें गोडच राहिला. माणसापुढें तो शिवी झाला.

मग १९४२. जपान्यांनीं रंगून घेतलें. ३ एप्रिलच्या बाँबहल्ल्यांत मंडाले जळालें. चार लाखांहून अधिक हिंदी माणसें परत निघालीं. आगबोटींवर थोड्यांनाच जागा मिळाली. बाकीचीं मंडालेच्या बाजूस गोळा होऊन आसाम व मणिपूरच्या डोंगरांतून पायीं आलीं, आणि त्यांतील हजारों वाटेंतच राहिलीं. इकडे ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. दरसाल दहा लाख टनांहून अधिक येणारें हें धान्य थांबल्याचा चटका कोंकणासही बसला. मुंबईंत १९४३ सालीं शिधापत्रिका आल्या. आणि त्याच वर्षीं बंगालमध्यें दुष्काळांत जें झालें त्याच्या अनेक कारणांपैकीं हें एक. १९६२ सालीं ब्रह्मदेशांत लष्करी राजवट आली, दुकानें व पेढ्या सरकारजमा झाल्या, आणि उरलेल्यांपैकीं सुमारें तीन लाख हिंदी लोकांनीं देश सोडला. पलाता, समूसा व डान्बाउक तेथेंच राहिले. त्यांस कोणीं हांकलून दिलें नाहीं.

परत आलेल्यांनीं रिकाम्या हातीं येतांना एक वस्तु आणली. मद्रासेस बंदराजवळच्या बर्मा बाजारानजीक अजूनही गाड्यांवर ‘अत्तो’ व मोहिंगा विकतात, आणि विकणारे तामीळ बोलतात. अलीकडे पुण्याच्या हॉटेलांतूनही ‘खाऊ स्वे’ या नांवाखालीं नारळाच्या दुधांतल्या शेवया मिळूं लागल्या आहेत. तरुण मंडळी त्या आवडीनें खातात. त्या रश्शाला दाटपणा आणण्यास हरभऱ्याचें पीठ लागतें हें त्यांना कोणीं सांगितलें नसेल.

राजकीय कैद्यांची अदलाबदल ही त्या साम्राज्याची आवडती युक्ति होती. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादुरशहा रंगूनला नेला, तो तेथेंच १८६२ सालीं वारला. मंडालेचा शेवटचा राजा थिबा, त्याच्या दोन राण्या व मुली यांस मद्रासमार्गें १८८६ च्या एप्रिलांत रत्नागिरीस आणलें. रत्नागिरी हें टिळकांचें जन्मगांव. पुढें टिळकांस थिबाच्या किल्ल्यांत ठेविलें. १९०८ पासून १९१४ पर्यंत हे दोघे एकमेकांच्या गांवीं कैदेंत होते. टिळक मंडालेस ‘गीतारहस्य’ लिहीत होते त्याच हिंवाळ्यांत थिबा रत्नागिरीस सरकारनें त्याच्यासाठीं बांधलेल्या नव्या राजवाड्यांत राहावयास गेला. खाडी व समुद्र समोर दिसणारा तो वाडा लोक आजही पाहावयास जातात.

राजाच्या ताटांत काय वाढलें जाई याचा विचार करतांना मला वाटतें कीं मंडालेच्या टिळकांपेक्षां रत्नागिरीच्या थिबास जेवणाचा वनवास कमी झाला असावा. भात, नारळ, केळी, मासळी, सुके झिंगे, आंबट सार. कोंकणची भूमि त्या बाबतींत ब्रह्मदेशाची मावशी शोभते. बाकी सर्व बाबतींत वनवासच होता. तनखा अपुरा, कर्ज फार, माणकें एक एक करून विकलीं जात होतीं, आणि मुली उपवर होऊन त्यांस योग्य स्थळें मिळत नव्हतीं. थोरली राजकन्या मंडालेहून निघाली तेव्हां पांच-सहा वर्षांची होती. ती रत्नागिरींत मोठी झाली, मराठी शिकली, आणि वाड्यावरच्या एका मराठा दरवानावर तिचें मन बसलें. त्याचें लग्न अगोदरच झालेलें होतें. १९०६ सालीं तिला मुलगी झाली. तिचें नांव टूटू.

थिबा १९१६ च्या डिसेंबरांत वारला. त्याची समाधि रत्नागिरींतच आहे. १९१९ सालीं राणी सुपयालत मुलींसह रंगूनला परत गेली. थोरली राजकन्याही लेकीस घेऊन गेली, पण तेथें तिचें मन रमलें नाहीं. ती रत्नागिरीस परत आली आणि १९४७ सालीं येथेंच वारली. टूटूनें रत्नागिरींतच संसार केला. तिला मराठी येत होती. ब्रह्मी जवळजवळ येत नव्हती. आजोबांचा राजवाडा डोंगरावर उभा होता, आणि ती गांवांत गरिबीनें राहत होती. संसारास हातभार म्हणून कागदाचीं फुलें करी, आणि शेण गोळा करून गोंवऱ्या थापी व विकी. मिंडन राजाच्या पणतीनें थापलेल्या त्या गोंवऱ्यांवर रत्नागिरींतल्या किती घरांचा भात शिजला असेल.